दुखायलंय म्हंजे चालू हाय

"वरचा कापूस सगळ्याईचाच पांढरा असतो. खालचा काढ."

हंगामात दिवसभर हे वाक्य माझ्या कानावर पडायचं. आमच्या सेलूच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून टेम्पो आत आला की मामा फाळक्यावर पाय देऊन वर चढायचे, सदऱ्याची उजवी बाही खांद्यापर्यंत सारायचे आणि कापसात हात घालायचे. कोपरापर्यंत नाही, पार काखेपर्यंत. गाल कापसाला टेकलेला, डोळे मिटलेले, आत कुठेतरी बोटं चाललेली. मग तळातून एक मूठ वर यायची. ती गालाला लावून ते ओल बघायचे आणि त्यातली एक सरकी दाताखाली धरायचे. कट्ट वाजली तर कापूस सुका. नाही वाजली तर शेतकऱ्याकडे बघून नुसतं म्हणायचे, "बोल आता."

त्यांचं नाव सांगत नाही. जिनिंगमध्ये, मोंढ्याच्या बाजारात, गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि वजनकाट्यावर बसणाऱ्या मला ते भाच्या म्हणत. नातं एवढंच. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्यासमोर काही लपवलेलं नसतानाही आपण खिसे चाचपतो. मामा तसे होते.

त्यांचा हा खालचं काढायचा स्वभाव कापसापुरता राहिला नव्हता. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीची परात घेऊन आला की ते म्हणत, "तळातली वाढ." पालमच्या बसमध्ये बसताना पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, तिकीट काढून झाल्यावरही शेजारच्याला हळूच विचारत, "ही पालमलाच जायलीय ना?" त्यांच्या एकुलत्या एक लेकीला पालमचं स्थळ आलं आणि ते घर बघायला गेले, तेव्हा पाहुण्यांनी ओसरीवर नवी सतरंजी अंथरली होती. मामा सतरंजीकडे न बघता थेट परसात गेले. चुलीची राख, पाण्याचा रांजण, गोठ्यातली म्हैस, सगळं बघून आले आणि मगच बसले. मामींच्या कानाशी लागून म्हणाले, "म्हशीला गोचीड न्हाई. मानसं बरी दिसायलीत." स्थळ पक्कं झालं.

एकदा मात्र त्यांचा शक फसला. एक बाई टेम्पोच्या रांगेत डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती, कडेवर लेकरू. मामांनी गाठोड्यात हात घातला, मूठ बाहेर काढली आणि त्यांचा चेहरा फुलला. "वल हाय. पानी मारलंय."

"पानी न्हाई मामा," बाई म्हणाली, "लेकराला रातभर त्याच्यावरच निजवलं व्हतं."

मामांनी मूठ नाकाशी नेली. नेली तशीच झटकली. रांगेतले सगळे हसले, लेकरूही हसलं. मामांनी सदऱ्याला हात पुसला आणि मला ओरडून सांगितलं, "सुका लाव." पण जाता जाता त्या बाईला म्हणालेच, "पुढच्या टायमाला लेकराला वरच्या अंगाला निजीव. खाली न्हाई."

मी त्यांच्या अगदी उलटा. रेल्वेत तिकीट तपासनीस दिसला की खिशात तिकीट असूनही मला घाम फुटतो. ऑफिसात काही सापडेनासं झालं आणि मालकांनी नुसती नजर फिरवली की मान खाली घालणारा मीच. घरात दूध नासलं तरी मला वाटतं, झाकण आपणच नीट ठेवलं नसेल. माझी बायको म्हणते, "तुम्हाला पोलिसानं नुसतं नाव विचारलं तरी तुम्ही गुन्हा कबूल कराल." शक घेणारा आणि शक ओढवून घेणारा, अशी आमची जोडी एका फाटकाशी बरीच वर्षं नांदली.

मग मामांच्या मानेला गाठी आल्या.

तपासणी त्यांनी दोन ठिकाणी करून घेतली. दोन्हीकडून एकच उत्तर आलं तेव्हा म्हणाले, "दोघं वळखीचे असतील." पण केमोला गेले. नांदेडला जायचं, दिवसभर सलाइन लावून बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. बरोबर मामी आणि मी. त्यांना मुलगा नाही. मालकांनी मला रजा दिली, आणि रजेवर असताना पगार घेतो म्हणून मला आणखी ओशाळल्यासारखं व्हायचं.

पहिल्या केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या आणि मामांना ताप चढला. दवाखान्यात ठेवावं लागलं. म्हणून दुसऱ्या केमोपासून डॉक्टरांनी एक इंजेक्शन वाढवलं. केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर टोचायचं, पांढऱ्या पेशी वाढवणारं. ते गार ठेवावं लागायचं, म्हणून थर्मासमध्ये बर्फ घालून आणायचं. येताना पूर्णा, परभणी, मानवत रोड, प्रत्येक ठिकाणी मामा झाकण उघडून बोट आत घालत. "हाय बर्फ." आमच्या गल्लीतच एक सिस्टर राहतात, त्या येऊन टोचून जायच्या.

इंजेक्शननंतर एक दिवस बरा गेला. मग दुखणं सुरू झालं. आधी कंबर, मग पाठीचा कणा, मांड्यांची हाडं, छातीच्या मधलं हाड. मी गेलो तेव्हा मामा दाराच्या चौकटीला कपाळ टेकवून उभे होते. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं.

"आतून कुनीतरी पहार हानायलंय, भाच्या," ते म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडे त्या फाटकातल्या नजरेनं बघितलं. "गाठी मानंला, मग कंबर कामून दुखती? सुई घेतली आन् दुखायलं. सुईत खोट हाय."

इंजेक्शनचा रिकामा खोका त्यांनी उशाशीच ठेवला होता. तो उन्हात नेऊन मला अक्षर न् अक्षर वाचायला लावलं. शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला आणि तो मामांच्या कानाला धरला. डॉक्टर सावकाश बोलले. पांढऱ्या पेशी हाडांच्या आत तयार होतात, मामा. या इंजेक्शननं तो कारखाना जोरात चालू होतो, म्हणून हाडं ठणकतात. तीन-चार दिवसांत कमी होईल. गोळी लिहून दिली आहे, ती घ्या. मात्र प्रत्येक वेळी आधी ताप मोजा, कारण गोळीनं ताप झाकला जातो. ताप असला तर गोळी घेऊन घरी बसू नका, तडक इकडे या.

मामांनी फोन माझ्याकडे दिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा शक उतरला होता. "म्हंजे आत जिनिंग सुरू झाली."

"तसंच," मी म्हणालो. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. मामी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तर मामांनी हात मागे घेतला.

"गोळी नको."

"अवो, डाक्टरनंच दिलीय."

"दिली आसंल. गोळी खाल्ली, दुखायचं थांबलं, आन् आत मशीन बंद पडली तर? मला कोन सांगंल? तू?"

आमच्याकडे जिनिंगची मशीन चालू असली की तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, इतकी सवय असते. बंद पडली की मात्र फाटकाशी पेंगणारा माणूसही दचकून उठतो. मामांनी तोच हिशेब स्वतःच्या हाडांना लावला. दुखणं हा मशीनचा आवाज. तो येतोय तोवर माल खरा, औषध खरं, पेशी तयार होतायत. आणि आवाज ऐकायचा तर कानात बोळे कशाला घालायचे?

तेव्हापासून "काय मामा, कसं काय?" म्हटलं की दात आवळून उत्तर यायचं, "दुखायलंय म्हंजे चालू हाय." जरा कमी झालं की अस्वस्थ व्हायचे. "हळू पडलीय. पट्टा सटकला का काय?" पुन्हा कळ आली की कण्हता कण्हता बोट वर करायचे, ऐका म्हणून. मी हे जिनिंगमध्ये जाऊन सांगितलं, लोक हसले, मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

तिसऱ्या केमोनंतर तर बघवत नव्हतं. मामा रांगत न्हाणीकडे गेले. मामी मला उंबऱ्यापर्यंत सोडायला आल्या आणि पदरानं तोंड दाबून म्हणाल्या, "भाऊ, बाळंतपनात मी इतकी वरडले न्हाई. आन् ह्यांना सांगावं तर म्हनतेत, तुला मशीनीतलं काय कळतंय."

चौथ्या केमोच्या दिवशी नांदेडच्या औषधाच्या दुकानात ते इंजेक्शन संपलं होतं. उद्या येईल म्हणाले. आम्ही तिघं तसेच घरी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी मी एकटाच थर्मास घेऊन गेलो. ऊन मी म्हणत होतं. येताना गाडी पिंगळीला क्रॉसिंगसाठी थांबली आणि थांबूनच राहिली. थर्मास माझ्या मांडीवर होता. मी एकदा झाकण उघडून बघितलं, बर्फ होता. झाकण लावलं. मग वाटलं, उघडलं कशाला? तेवढ्यात गरम हवा आत गेली असेल तर? पुन्हा बघावं असं वाटत होतं आणि बघायची भीतीही वाटत होती. सेलूला सिस्टरनी इंजेक्शन हातात घेतलं, "गार आहे," म्हणाल्या आणि टोचलं. मामा सिस्टरकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

एक दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावून घेतलं.

बाजेवर मांडी घालून ताठ बसले होते. चेहरा टवटवीत. दुखत नाही म्हणून इतका संतापलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"भाच्या, मशीन बंद हाय."

"दुखत नाही का? मग चांगलंच की, मामा."

"बस हितं." मी बसलो. "गाडी कुटं थांबली व्हती?"

"पिंगळीला. क्रॉसिंग होतं."

"थर्मास कुटं व्हता?"

"मांडीवर."

"ऊन कोन्या अंगाला व्हतं?"

"खिडकीच्या... माझ्याच अंगाला."

"झाकन उघडलं व्हतंस?"

मला घाम फुटला. सिस्टर गार आहे म्हणाल्या होत्या हे मी साफ विसरलो. मला दिसत होता फक्त तो उन्हाचा पट्टा, माझ्या मांडीवरून थर्मासवर सरकत आलेला. आपण सावलीत का नाही बसलो? उघडलं का? ह्या माणसाचा जीव आपल्या मांडीवर होता आणि आपण शेजारच्याशी क्रिकेटचं बोलत बसलो.

"मामा," मी म्हणालो, "माझ्याकडूनच झालं असेल. औषध माझ्यामुळेच खराब झालं."

मामांनी मान हलवली. रागावले नाहीत, त्यानेच मी जास्त खचलो. "कबूल केलंस, बरं झालं," ते शांतपणे म्हणाले. "आता ऐक. पेशी तयार झाल्या न्हाईत. पुन्ना ताप यील. आन् वरून पुढच्या टायमाला ते केमोचं इख घ्यायचं? मी न्हाई घेत. दोन ऱ्हायलेत ना? ऱ्हाऊ दे. बास झालं."

गाठी विरघळत चालल्या होत्या. मधेच सोडू नका, सोडलं तर त्या जोरानं परत येतील, हे डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही बजावून सांगितलेलं. आणि आता माझ्या एका वाक्यानं मामा थांबायला निघाले होते. एकदा भाव लावला की मामा तो बदलत नसत, हे मला माहीत होतं.

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मामी पिठाच्या हातानं दारात आल्या.

"भाऊ, तुमी कामून अंगावर वडून घ्यायलात? तुमचा काई संबंध न्हाई." मग मामांकडे वळल्या. "गोळी मी घातली."

"कसली गोळी?"

"दुखायची. कुटून. ताकातल्या जवारीच्या कन्यात."

मामा मामींकडे वळले. "कडू लागली नसती मला?"

"तुमीच म्हनता ना, तोंडाला चव न्हाई, जीभ मेली? मेलेल्या जिभंला काय कळतंय?"

"आन् ताप? आधी ताप मोजायचा व्हता."

"मोजला की. दर टायमाला. तुमाला डुलकी लागली की काखंत धरायचे."

"माझ्या काखंत? आन् मला कळलं न्हाई?"

"तुमाला काय काय कळलं न्हाई ते सांगाया बसले तर भाकर करपंल," मामी म्हणाल्या. आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "मला बघवंना झालं व्हतं. तुमी मशीन ऐकत बसायचे. मी काय ऐकायचं?"

जन्मभर ज्यानं पंगतीतल्या बुंदीवर आणि बसच्या पाटीवर विश्वास ठेवला नाही, त्यानं समोर आलेलं कण्यांचं ताट मात्र कधी ढवळून बघितलं नव्हतं. मामांनी एकदा आपल्या पंजांकडे बघितलं. मग म्हणाले, "भाकर करपायलीय."

अर्थात त्यांनी मामींचाही शब्द तसाच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी आपलं रक्त तपासायला दिलं. पेशी चांगल्या वाढलेल्या निघाल्या. नांदेडला डॉक्टरांनी कागद बघितला, सगळी हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला. "दुखलं नाही म्हणून भांडणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय." मामींना म्हणाले, ताप मोजलात हे फार चांगलं केलंत, पण पुन्हा लपवून देऊ नका. आणि मामांना म्हणाले, "दुखण्यावरून औषध खरं-खोटं ठरत नाही. काहींना दुखतच नाही. काहींना पुढे पुढे आपोआप कमी दुखतं. खात्री हवी तर रक्त तपासू. त्यासाठी सोसायची गरज नाही."

परतीच्या गाडीत मामा विचार करत बसले होते. परभणी गेल्यावर मामींना म्हणाले, "म्हंजे तुज्या गोळीनं थांबलं का आपूआप थांबलं, ते बी नक्की न्हाई."

"मग नका देऊ मला मोठंपन."

"न्हाईच देत."

मामी खिडकीकडे तोंड करून हसल्या. मला वाटतं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मामांचा शक ऐकून मोकळं वाटलं असेल. माझ्या छातीवरचा दगड मात्र सेलूपर्यंत उतरला नाही. मी न केलेला गुन्हा कबूल केला आणि त्यापायी एका माणसाचे उपचार थांबणार होते, हे मनातून जाईना. खोटं बोलणं पाप आहे हे सगळेच सांगतात. भीतीनं खोटी कबुली देणं काय असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामांनी राहिलेल्या दोन्ही केमो घेतल्या. आता ते स्वतःच थर्मामीटर लावत, उजेडाकडे धरून वाचत आणि मग गोळी गिळत. पण गोळी गिळल्यावर हरवल्यासारखे दिसायचे. आतून काहीच खबर येत नव्हती.

"आता निस्तं बसून ऱ्हायचं?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"हो."

"लय अवघड हाय, भाच्या."

त्यानंतर ते एक अख्खा हंगाम कामावर आले. मग गाठी परतल्या, पोटात, आणि या खेपेला गाठींनी त्यांना फार दिवस दिले नाहीत. यंदा फाटकाशी एक तरुण उभा असतो. तो कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो आणि आकडा सांगतो. शेतकरी त्याच्याशी भांडत नाहीत. माझं कामही लवकर उरकतं.

मामा म्हटलं की मला आठवते ती शेवटच्या इंजेक्शननंतरची एक दुपार. गोळी घेऊनही कंबर थोडी ठणकत होती. मामी जेवणं आटोपून आतल्या खोलीत कलंडल्या होत्या, कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या होत्या. मी कोमट पाण्यात फडकं पिळून आणलं.

"हळू. तिला उठवू नको," मामा कुजबुजले. त्यांनी सदरा काढला आणि माझ्याकडे पाठ करून बाजेवर कुशीला झाले.

इतकी वर्षं एका फाटकाशी काढली, पण त्यांची पाठ मी कधी पाहिली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ते कुणाकडे पाठ करून उभेच राहत नसत. उन्हानं रापलेल्या मानेखाली ती वेगळ्याच माणसाची वाटावी इतकी गोरी होती. मणके एकेक मोजता यावेत असे वर आलेले, आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यावर एक जुना, गुळगुळीत व्रण, कशाचा ते मी कधी विचारलं नाही.

मी कंबरेवर फडकं ठेवलं. "इथं का, मामा?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, परीक्षा बघतायत. मी जरा वर सरकवलं. "इथं?"

श्वास संथ चालू होता. ते झोपले होते.

थोड्या वेळानं फडकं गार पडलं. बदलायला उठलो असतो तर बाज करकरली असती. मी फडकं हळूच काढून घेतलं आणि माझा तळहातच तिथे ठेवून बसून राहिलो.